नियम लावावा की अनुभवावर जावं?

फोन चार्ज होत नाहीये. एक जण म्हणतो, "मागे दोनदा केबलच गेली होती, याही वेळी तीच असणार." दुसरा म्हणतो, "सॉकेटमध्ये वीज नसती तर चार्जरवरचा दिवा लागला नसता. दिवा तर लागलाय. म्हणजे सॉकेट ठीक आहे."

पहिल्याचा तर्क विगामी, दुसऱ्याचा निगामी. पहिला घडून गेलेल्यावरून न पाहिलेल्याचा अंदाज बांधतो. अंदाज कामाचा आहे, पण चुकू शकतो. दुसऱ्याची विधानं खरी असतील तर त्याचा निष्कर्ष चुकणं शक्यच नाही. पण त्याच्या हाती लागलं काय, तर एक शक्यता खोडली गेली. बिघाड कुठे आहे ते त्यालाही अजून कळलेलं नाही. खात्री हवी तर नवी माहिती मिळत नाही, नवी माहिती हवी तर खात्री सोडावी लागते. (निगमन म्हणजे सामान्याकडून विशेषाकडे आणि विगमन म्हणजे त्याच्या उलट, ही पाठ केलेली व्याख्या बाजूला ठेवलेली बरी. केबलचा तर्क दोन विशेष घटनांवरून तिसऱ्या विशेष घटनेकडे जातो, तरी तो विगामीच आहे.)

यातलं आपल्या मनाला काय जमतं? निगमन, निव्वळ रूपात, फारसं जमत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं कोडं मराठी अक्षरांत असं होईल: टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. आपल्याला दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. हा नियम पाळलाय का, हे ठरवायला कोणते पत्ते उलटाल? बरेच जण अ आणि ४ म्हणतात. पण ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. म्हणून उलटायला हवेत अ आणि ७. या रूपात बरोबर उत्तर देणारे दहा टक्क्यांच्या आसपासच असतात.

ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांपुढे हाच सांगाडा वेगळ्या वेशात ठेवला: बिअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर हवं, तर कोणाकोणाला तपासाल? जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अचूक उत्तर दिलं. नियम कोण मोडतंय हे शोधायचं म्हटलं की डोकं लगेच चालतं, आणि नुसती अक्षरं-आकडे दिले की अडतं.

दुसरा अडसर जास्त फसवा. इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड यांच्या १९८३ च्या प्रयोगांत, तर्काने न निघणारे पण पटण्यासारखे निष्कर्ष ७१ टक्के वेळा 'बरोबर' ठरवले गेले. तर्काने निघणारे पण न पटणारे निष्कर्ष मात्र ५६ टक्के वेळाच. म्हणजे निष्कर्ष आवडला की आपण मधल्या पायऱ्या मोजत नाही.

विगमन याउलट आपोआप घडतं, आणि नेमका तिथेच धोका आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती बरोबर ठरते, कारण सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. विगमन करताना विचारायचा प्रश्न हाच: हे भांडं एकच आहे का? लोकांना हे उपजत थोडंफार कळतंही. निस्बेट आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काल्पनिक उदाहरणं देऊन पाहिलं, तर एका नव्या मूलद्रव्याचा एक नमुना विजेचा वाहक निघाल्यावर सगळेच नमुने तसे असतील असं लोक मानत, पण एका अनोळखी जमातीतला एक माणूस लठ्ठ दिसला म्हणून सगळेच लठ्ठ असतील असं मानत नसत. प्रयोगात ठीक. एरवी मात्र दोनदा उशिरा आलेल्या सहकाऱ्याला आपण कायमचा बेजबाबदार ठरवून मोकळे होतो.

त्याहून मोठी खोड म्हणजे आपण होकार देणारेच पुरावे गोळा करतो. वेसन यांनीच १९६० मध्ये २९ जणांना '२, ४, ६' ही तीन आकड्यांची मालिका देऊन तिच्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. आपल्या मालिका सुचवायच्या, त्या नियमात बसतात की नाही ते विचारायचं. बरेच जण ८, १०, १२ अशाच मालिका सुचवत राहिले. नियम होता फक्त 'चढते आकडे'. पहिल्याच फटक्यात अचूक नियम सांगणारे निघाले सहा.

मग निवड कशी करायची? नियम माणसांनी लिहिलेला असेल, म्हणजे करार, वॉरंटी, पात्रतेच्या अटी, खेळाचे नियम, तर सरळ निगमन करा. तिथे 'एरवी चालतं' या अनुभवाला अर्थ नाही. कलम काय म्हणतं ते वाचा. माणसांचा स्वभाव, तब्येत, यंत्रांची कुरकुर यांत मात्र नियमापेक्षा अनुभव बरा, कारण तिथले आपले नियमच मुळात अनुभवातून बनलेले असतात आणि त्यांना अपवाद असतात. रूथ बर्न यांनी १९८९ मध्ये हे छान दाखवलं. 'तिला निबंध लिहायचा असेल तर ती लायब्ररीत उशिरापर्यंत बसते. तिला निबंध लिहायचाय' यावरून ९६ टक्के लोकांनी ती बसेल असं म्हटलं. मध्ये 'लायब्ररी उघडी असेल तर ती बसते' एवढं वाक्य घातलं, आणि आकडा ३८ वर आला. पुस्तकी तर्कशास्त्र याला चूक म्हणेल. मला तर ते शहाणपण वाटतं.

चूक महागात पडणार असेल तर मी दोन्ही जोडतो: अंदाज विगमनाने बांधायचा, आणि तो खोडायचा प्रयत्न निगमनाने करायचा. केबल गेली असेल, तर याच केबलवर दुसरा फोनही चार्ज व्हायला नको. लावून पाहा. झाला, तर केबल निर्दोष. नाही झाला, तर केबलबरोबर चार्जरही संशयित, आणि आता दुसरी केबल शोधायची.