रोमानियन आणि हिब्रू: दोन भाषा, दोन कोड-कहाण्या

संगणकाला भाषा ओळखता यावी म्हणून आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संस्था प्रत्येक भाषेला छोटा कोड देते. दोन अक्षरी कोड पाहिले तर दोन्ही भाषा सोप्या वाटतात: रोमानियनला 'आर-ओ', हिब्रूला 'एच-ई'. खरी गंमत तीन अक्षरांपासून सुरू होते. हिब्रूचा 'एच-ई-बी' एकच. आपल्या मराठीच्या 'एम-ए-आर'सारखा, सगळीकडे तोच. रोमानियनला मात्र दोन: ग्रंथालयांच्या सूचीसाठी 'आर-यू-एम' आणि भाषेच्या स्वतःच्या नावावरून आलेला 'आर-ओ-एन'. नव्या कामासाठी मी 'आर-ओ-एन'च घेईन.

जुन्या कोडांचं ओझं दोघींनाही आहे, पण हिब्रूचं जास्त त्रासदायक. तिचा मूळ कोड होता 'आय-डब्ल्यू'. १९८९ साली तो बदलून 'एच-ई' झाला. तरी जावा या प्रोग्रामिंग भाषेत २०२१ मध्ये १७वी आवृत्ती येईपर्यंत तुम्ही 'एच-ई' लिहा, आतून त्याचं 'आय-डब्ल्यू'च होई. भाषांतराची फाइल जागेवर असूनही सापडत नाही, याचं कारण अनेकदा हेच असतं. म्हणून जुन्या प्रणालीत दोन्ही कोड स्वीकारा, साठवताना फक्त 'एच-ई' ठेवा.

रोमानियनची अडचण राजकीय. रोमानियाशेजारच्या मोल्दोव्हा देशातल्या भाषेला 'एम-ओ' हा वेगळा कोड होता. २००८ मध्ये तो रद्द होऊन रोमानियनमध्ये मिसळला. देशाने कायद्यात 'रोमानियन' हे नाव घातलं ते २०२३ मध्ये, म्हणजे कोड पंधरा वर्षं आधीच बदलला होता! तिथला मजकूर वेगळा दाखवायचा असेल तर 'आर-ओ'पुढे देशाचा 'एम-डी' जोडणं पुरेसं आहे.