कांदा, निवडणूक आणि सातवा महिना : नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका समुपदेशन सेवेविषयी

केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा मला चौथा महिना होता. माझे माहेर निफाड तालुक्यातले. वडिलांचा लाल कांदा काढणीला आलेला, लिलाव बंद पडलेले, चांदवडला रास्ता रोको, आणि मी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर बाजारभाव पाहत बसलेली. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याच प्रसूतिगृहात चालणाऱ्या समुपदेशन सेवेकडे पाठवले. तिथल्या सहा वैयक्तिक आणि एका सामूहिक बैठकीचा हा अनुभव आहे.

त्याआधी मी दुसरीकडे एका गर्भसंस्कार वर्गाला जात होते. बातम्या पाहायच्या नाहीत आणि आईने सदैव प्रसन्न राहायचे, एवढेच तिथे सांगितले जाई; परिणामी कांद्याच्या बाजारभावाची चिंता होतीच, त्यात आपल्या चिंतेने बाळाचे नुकसान होते आहे ही दुसरी चिंता येऊन बसली.

इथल्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी एडिनबरा प्रश्नावली, म्हणजे गरोदर आणि बाळंतिणींमधल्या नैराश्याची चाचपणी करणारी प्रश्नावली, मराठीत भरून घेतली. गेल्या सात दिवसांविषयीचे दहा प्रश्न, एकूण गुण तीस; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. माझे चौदा आले. हे निदान नव्हे, पुढे नीट बोलायला हवे एवढाच त्याचा अर्थ, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले. बाळाविषयीच्या भीतीवर त्यांचे उत्तर मला सर्वांत उपयोगी पडले : आईच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा मोठा भाग वारेतील एक विकर (एन्झाइम) निष्क्रिय करून टाकते, त्यामुळे एखादी वाईट रात्र जशीच्या तशी बाळापर्यंत पोहोचत नाही, प्रश्न असतो तो महिनोन्महिने चालणाऱ्या ताणाचा. अमेरिकेतील २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या नऊ महिन्यांत लॅटिना स्त्रियांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी वाढल्याचे मी कुठेतरी वाचले होते. तेही मी घाबरत त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी ते उडवून लावले नाही. असा आकडा समूहाचा असतो, तुमच्या पोटातल्या बाळाचे भविष्य त्यात लिहिलेले नसते, असे त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारले, "काल बाबांशी काय बोलणे झाले?" खरे तर काहीच झाले नव्हते. मी विचारले की बाबा म्हणत, "भाव बरा आहे गं, तू कशाला डोक्याला लावून घेतेस?" आणि मी ते खोटे आहे हे बातम्यांत शोधत बसे. बाईंनी बातम्या बंद करायला सांगितले नाही. रोज संध्याकाळी सात वाजता एकच फोन करायचा, बाबांनी खरा भाव सांगायचा आणि नंतर मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून झोपायला जायचे, असे ठरवून दिले. बाबांना तयार करायला मला आठवडा लागला. सहाव्या बैठकीला माझे गुण सातवर आले होते.

सामूहिक बैठक मात्र फसली. मार्च महिना, लोकसभेची हवा, आणि चहाच्या वेळी आरक्षणावरून दोघींची खडाजंगी झाली. एकीच्या सासरी तर त्यावरून भावाभावांत अबोला होता. तिला बोलायचे होते, पण बाईंनी "इथे राजकारण नको" म्हणून विषय बंद केला. जे वैयक्तिक बैठकीत त्यांना उत्तम जमत होते, ते दहा जणींसमोर का जमू नये, हे मला कळले नाही. ती नंतर आली नाही.

पंचेचाळीस मिनिटांचे आठशे रुपये सगळ्यांना परवडणार नाहीत; ज्यांना परवडत नाहीत, त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते, पण हे प्रसूतिगृहात कुठेही लिहिलेले नाही. शनिवारी गर्दी असते, आणि प्रतीक्षागृहात वृत्तवाहिनी मोठ्या आवाजात लावलेली असते! मी दोनदा तक्रार केली. आवाज कमी झाला, वाहिनी तीच राहिली. तरीही पाचपैकी चार गुण देईन.

निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली. टीव्हीवर नुसता जल्लोष चालू होता. बाबांनी मात्र सातच्या फोनवर बंदीच्या जागी आलेला टनाला ५५० डॉलरचा किमान निर्यात दर आणि ४० टक्के निर्यात शुल्क, दोन्ही आकडे न लपवता सांगितले.