एनएटएन कशावर चालवायचं: साधं डॉकर कम्पोज की के-थ्री-एसचा क्लस्टर?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपला ईमेलवर आलेल्या ऑर्डरी शीटमध्ये उतरवायच्या असतात, निपाणीच्या दुकानदाराला उधारीची आठवण कुणाला मराठीत तर कुणाला कन्नडमध्ये पाठवायची असते. अशी कामं आपोआप करून देणारं एनएटएन (n8n) हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं ठरलं, की गाडी इथंच अडते: ते एकाच मशीनवर साध्या डॉकर कम्पोजनं चालवायचं, की अनेक मशीनच्या क्लस्टरवर? क्लस्टर म्हणताना मी के-थ्री-एस (k3s) धरतोय, म्हणजे अनेक मशीनवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबरनेटिसचा हलका अवतार. पूर्ण कुबरनेटिस सांभाळायला लागणारा माणूस छोट्या कारखान्यात नसतो.

कम्पोजचं थोडक्यात आटपतं. एक फाईल, दोन कंटेनर (प्रोग्रॅमचे वेगवेगळे डबे): एनएटएन आणि त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस. रीस्टार्टचा नियम लिहून ठेवला, की लाईट जाऊन आल्यावर सगळं आपोआप उभं राहतं. मशीनच गेलं तर मात्र दुसरीकडे बॅकअप चढवेपर्यंत काम बंद.

एक मशीन पडलं तरी दुसरं काम उचलेल, या आशेनं लोक क्लस्टरकडे वळतात. ही आशा नीट तपासून घ्या. के-थ्री-एस मूळ सेटिंगमध्ये डेटा त्या-त्या मशीनच्या डिस्कवरच ठेवतो. मशीन बंद पडलं की डेटाही तिथंच अडकतो. अंतर्गत एटसीडी (क्लस्टरच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस) वापरून कंट्रोलची बाजू टिकवायची तर किमान तीन सर्व्हर हवेत. तेवढं करूनही एनएटएनच्या मोफत आवृत्तीत मुख्य प्रोसेस एकच चालते. एकापेक्षा जास्त हव्या असतील तर एंटरप्राइज लायसन्स लागतं. शिवाय मेलेल्या मशीनवरचे पॉड (क्लस्टरमधले कंटेनरचे गट) हलवायला कुबरनेटिस मुळात सुमारे पाच मिनिटं थांबतो. क्लस्टरचा खरा फायदा आहे तो वर्करमध्ये, म्हणजे कामं प्रत्यक्ष उरकणाऱ्या प्रोसेसमध्ये. रेडिस (कामांची रांग ठेवणारा डेटाबेस) लावून क्यू मोड सुरू केला, की जड काम अनेक मशीनवर वाटलं जातं.

बिघाड शोधण्यातला फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. कम्पोजमध्ये एक लॉग वाचला की बहुतेकदा कारण कळतं. क्लस्टरवर एक ठरलेला सापळा आहे: सर्व्हिसला (पॉडपर्यंत पोचायच्या पत्त्याला) सरळ 'एनएटएन' असं नाव दिलं, की पॉड उठतो, पडतो आणि क्रॅशलूपबॅकऑफमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा पडण्याच्या चक्रात, अडकतो. कुबरनेटिस प्रत्येक सर्व्हिसच्या नावावरून पॉडमध्ये व्हेरिएबल (सेटिंगच्या नोंदी) घालतो. त्यातलाच एक नेमका एनएटएनच्या स्वतःच्या पोर्टच्या सेटिंगशी जुळतो, आणि ५६७८ या पोर्ट क्रमांकाच्या जागी 'टीसीपी'नं सुरू होणारा अख्खा पत्ता तिथं जाऊन बसतो. सर्व्हिसचं नाव बदला किंवा पॉडमधले सर्व्हिस लिंक्स (हे व्हेरिएबल घालणारी सोय) बंद करा, लगेच सुटतं. पडलेल्या पॉडचं कारण शोधताना आधीच्या कंटेनरचा लॉग मागवा. चालू कंटेनरचा लॉग बऱ्याचदा कोराच असतो. एक्झिट कोड १३७ आणि सोबत ओओएमकिल्ड (मेमरी संपल्यानं मारलं) दिसलं तर मेमरीची मर्यादा वाढवा. फोल्डरमध्ये लिहिता येत नसेल तर पॉडला एफएसग्रुप (फोल्डरचा मालक गट) १००० द्या, कारण कंटेनर त्याच क्रमांकाच्या यूजरनं चालतो.

दोन्हीकडे सारखीच छळणारी गोष्ट म्हणजे टाइमझोन. तो दिला नाही तर एनएटएन न्यूयॉर्कची वेळ धरतं, आणि सकाळी आठचा अहवाल ऋतूप्रमाणे संध्याकाळी साडेपाच किंवा साडेसहाला हातात पडतो. एशिया-कोलकाता पहिल्याच दिवशी लिहून टाका. वेबहुकचा, म्हणजे बाहेरच्या सेवा एनएटएनला जिथं निरोप देतात तो, बाहेरचा पत्ताही तेव्हाच द्या.

एका जागेचं काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कम्पोज घ्या, वाचलेले पैसे यूपीएसवर आणि रोजच्या बॅकअपच्या वेगळ्या डिस्कवर घाला. तीन मशीन आहेत, दिवसभर वर्कफ्लो (एनएटएनमध्ये आखून दिलेली कामं) तुंबतात आणि लॉग वाचणारा माणूस पगारावर आहे, तर के-थ्री-एस. कम्पोज घेतानासुद्धा एनएटएनचा मूळ डेटाबेस एसक्यूलाइट सोडून पोस्टग्रेसवरच सुरुवात करा आणि एन्क्रिप्शनची किल्ली स्वतः ठरवून सर्व्हरबाहेर जपून ठेवा. पुढं क्लस्टरवर जायचं झालं, तर डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि हीच किल्ली न्यायची. किल्ली हरवली तर साठवलेला एकही पासवर्ड उघडत नाही, सगळी खाती नव्यानं जोडत बसावं लागतं.