इव्ह-एनजीचे टेम्प्लेट एआयला विचारून शोधतोय, सात महिन्यांचा अनुभव

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं नीट लागेल. घरी रायझनचा (म्हणजे एएमडी प्रोसेसरचा) पीसी, ६४ जीबी रॅम, त्यावर इव्ह-एनजीची (पीसीतच राउटर, स्विच, फायरवॉल चालवून नेटवर्कची लॅब उभी करायचं सॉफ्टवेअर) फुकटची कम्युनिटी एडिशन, आणि ड्युटी संपली की रात्री सिस्कोच्या सीसीएनपी परीक्षेची प्रॅक्टिस. आता टेम्प्लेट (एकेका डिव्हाइसची तयार सेटिंग) शोधायला एआय कशाला, नोड (लॅबमधलं एक डिव्हाइस) अॅड करताना यादीत नाव टाकलं की दिसतंच की, असं कुणीही म्हणेल. पण ज्यांनी स्वतः इमेज (डिव्हाइसचं सॉफ्टवेअर असलेली डिस्क फाइल) चढवल्यात त्यांना माहितीये, एकाच डिव्हाइसची तीन नावं असतात. यादीत दिसतं ते एक, टेम्प्लेटच्या यामल फाइलचं (सेटिंग लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल) दुसरं, इमेजचा फोल्डर त्याच अक्षरांनी सुरू व्हायलाच लागतो, आणि त्या फोल्डरच्या आत डिस्क फाइलला द्यायचं तिसरं. यातलं एक चुकलं की नोड यादीत करडाच राहतो, नाहीतर स्टार्ट होतो आणि कन्सोलवर काहीच येत नाही.

पहिले दोन महिने मी एआयला साध्या चॅटमध्ये विचारायचो, लॅबशी काही जोडलेलं नव्हतं. उत्तरं एकदम ठामपणे यायची आणि तोच त्रास होता. सीएसआरची (सिस्कोचा व्हर्च्युअल राउटर) १६.१२ ची इमेज होती, फोल्डरचं नाव 'सीएसआर१०००व्ही' ने सुरू कर म्हणाला, खरं तर नव्या व्हर्जनसाठी शेवटी 'एनजी' लागलेलं वेगळं टेम्प्लेट आहे. एकदा तर टेम्प्लेटची पीएचपी फाइल उघडून रॅम बदल असं सांगितलं. इव्हमध्ये टेम्प्लेट पूर्वी पीएचपीत असायचे, ते यामलवर येऊन बरीच वर्षं झाली, पण नेटवर जुन्या काळातलं लिखाण भरपूर पडलंय आणि हा ते वाचूनच शिकलेला, त्यामुळे त्याच्या आठवणीत दोन्ही काळ एकत्र झालेत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो माझ्या स्वतःच्या टेम्प्लेटवर. एका लिनक्स अप्लायन्ससाठी यामल बनवून घेतली, फाइल चांगली होती, 'इंटेल' फोल्डरमध्ये टाक म्हणाला, टाकली, परमिशन फिक्सची कमांड मारली, यादीत नाव येईना. दोन रात्री मी फाइलमधल्या स्पेस मोजत बसलो. इव्हमध्ये टेम्प्लेटचे दोन फोल्डर असतात, इंटेल आणि एएमडी, आणि होस्टचा प्रोसेसर ज्या कंपनीचा तोच फोल्डर वाचला जातो. माझा रायझन. फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये कॉपी केली, लगेच दिसलं. त्याला प्रोसेसर विचारायचं सुचलं नाही आणि मी पण सांगितला नव्हता.

मग एमसीपी लावलं. म्हणजे मधे एक छोटा सर्व्हर, तो इव्हच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामने माहिती मागायची सोय) लॉगिन करतो आणि एआय त्याच्यामार्फत माझ्याच मशीनला विचारतो. इथे खरा फरक पडला. एपीआय सगळ्या टेम्प्लेटची यादी देते आणि ज्याची इमेज चढवलेली नाही त्याच्या नावापुढे 'मिसिंग' लागून येतं, त्यामुळे "माझ्याकडे फायरवॉल कुठले कुठले खरंच चालू शकतात" असं साधं मराठीत विचारलं तरी बरोबर उत्तर येतं. रॅमची बेरीज तर मला फारच आवडली. चार सीएसआर आणि दोन एक्सआरव्ही ९००० (सिस्कोचाच मोठा व्हर्च्युअल राउटर) घ्यायचे होते, त्याने प्रत्येक टेम्प्लेटचा डिफॉल्ट वाचून सांगितलं की ४०९६ एमबीचे चार आणि १६३८४ एमबीचे दोन मिळून ४८ जीबी होतात, स्विच आणि होस्टला मग काय उरणार. मी तिथेच डिझाइन बदललं, साधा हलका एक्सआरव्ही घेतला. हे हाताने पण करता येतं, मान्य, पण रात्री अकराला बारा नोडचे डिफॉल्ट उघडून बघायचा कंटाळा येतो आणि तिथेच चूक होते.

लावताना दोन गोष्टी सांभाळा. तुमचाच अॅडमिन युजर त्याला देऊ नका, कारण तो लॉगिन झाला की ब्राउझरमधलं तुमचं सेशन तुटतं, मला आधी वाटलं वायफाय जातंय. वेगळा युजर करा. पण मग युजरप्रमाणे पॉड (त्या युजरची चालू लॅबची स्वतंत्र जागा) पण वेगळा होतो, म्हणजे त्याने नोड स्टार्ट केले तरी तुमच्याकडे ते बंदच दिसतात. म्हणून मी त्याला फक्त वाचायला लावतो, नोड स्टार्ट-स्टॉप माझ्या हाताने. कम्युनिटी एडिशनमध्ये त्या वेगळ्या युजरला पण अॅडमिनचेच हक्क मिळतात आणि पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये उघडा पडलेला असतो, तेव्हा हे घरच्या लॅबपुरतंच ठेवा, ऑफिसच्या नेटवर्कवर अजिबात नको. दुसरं म्हणजे एका टेम्प्लेटचं डिटेल मागवलं की त्यात उपलब्ध आयकॉनची सगळी यादी पण येते, शेकडो फाइलींची नावं, आणि मी सुरुवातीला घेतलेला सर्व्हर ते सगळं जसंच्या तसं एआयकडे ढकलायचा. पाच-सहा टेम्प्लेट विचारले की आधीचं बोलणं तो विसरायचा. आता मी सर्व्हरमध्येच दोन ओळी घालून आयकॉन गाळून टाकलेत, रॅम, सीपीयू, इंटरफेस, कन्सोल आणि इमेज एवढंच पुढे जातं.

आणि एक जागा अजून धोक्याची आहे. डिस्क फाइलचं नाव एपीआय सांगतच नाही. नेक्सस ९००० ला (सिस्कोचा स्विच) 'साटाए' लागतं, मायक्रोटिक राउटरला 'एचडीए', सिस्कोच्या व्हीआयओएसला 'व्हर्टआयओए', आणि हे विचारलं की लॅब जोडलेली असून सुद्धा तो परत आठवणीतूनच बोलतो, सूर मात्र तोच, वाचून सांगितल्यासारखा. मागच्या महिन्यात नेक्ससला 'व्हर्टआयओए' सांगितलं त्याने. तेव्हापासून इव्हच्या अधिकृत पानावरचा नावांचा तक्ता मी त्याला फाइल म्हणून दिलाय आणि सूचनेत कायमचं लिहून ठेवलंय, प्रत्येक माहितीपुढे 'एपीआय', 'तक्ता' किंवा 'आठवण' यातलं एक लिही. 'आठवण' दिसलं की मी आधी फोल्डर उघडून बघतो, मगच नोड टाकतो. सध्या व्हीएमएक्सवर (ज्युनिपरचा व्हर्च्युअल राउटर) आलोय, त्याचे दोन टेम्प्लेट, व्हीसीपी आणि व्हीएफपी, एकमेकांना आतल्या इंटरफेसने जोडावे लागतात, आणि कुठल्या पोर्टला कुठला हे काल मी विचारल्यावर त्याने 'एपीआय' लिहून दिलं, जोडलं, एफपीसी (राउटरचं पोर्ट असलेलं कार्ड) ऑनलाइन आलं.