घाटात उभं राहून बघायचं, तर टूर की जिरो?

मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ हा किताब आपल्याकडच्या सायकलवेड्यांना चांगला ठाऊक आहे. घाटातली ही चुरस युरोपात तीन-तीन आठवडे चालते, आणि एकदा तरी तिथल्या रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, असं कित्येकांच्या मनात असतं. असा प्रवास काही वरचेवर होत नाही. मग जुलैतली टूर द फ्रान्स धरावी की मे महिन्यातली जिरो दि इटालिया? दोन्हींत 21 टप्पे, आणि घाटात उभं राहायला दोन्हीकडे तिकीट नाही. आघाडीचे सायकलस्वार आपल्यासमोरून काही क्षणांत निघून जातात. बाकीचे पाच-सहा तास नुसती वाट पाहायची असते. ते तास कसे घालवायला आवडतील, यावरूनच निवड करावी असं माझं ठाम मत आहे.

टूरमध्ये ते तास जत्रेसारखे जातात. शर्यतीच्या साधारण दोन तास आधी जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा येतो. ही प्रथा 1930 पासूनची. गाड्यांवरून टोप्या, की-चेन, खाऊची पाकिटं उधळली जातात आणि लहानथोर सगळे ती झेलायला धावतात. (सॉसेजची छोटी पाकिटंही येतात, शाकाहारी मंडळींनी बघून घ्यावं.) फ्रेंच आल्प्समधल्या आल्प द्युएझच्या घाटात हा माहोल टिपेला पोचतो. 13.8 किलोमीटर चढ, 21 वळणं, प्रत्येक वळणावर उलट्या क्रमाने आकडा आणि इथे जिंकलेल्यांच्या नावाची पाटी. सातवं वळण डच चाहत्यांचं. तिथे नारिंगी कपडे, नारिंगी धूर, आणि गर्दीतून सायकलपुरती जेमतेम वाट. ती वाट शेवटच्या क्षणी उघडते, तेव्हा पोटात गोळा येतो.

पण या गर्दीची किंमत मोजावी लागते. कॅम्पर गाड्यावाले कित्येक दिवस आधी येऊन मोक्याच्या जागा अडवतात. रस्ता गाड्यांना लवकर बंद होतो, मग पायथ्याच्या ल बूर द्वाझाँ गावापासून चालत किंवा सायकलने चढायचं. संपूर्ण चढ अकराशे मीटरच्या वर, म्हणजे सिंहगडाच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय जुलैत आपल्या शाळा सुरू असतात आणि फ्रान्समध्ये सुट्टीचा हंगाम. मुक्कामाची सोय फार आधी करावी लागते.

जिरो नेमकी आपल्या उन्हाळी सुट्टीत येते. इटलीच्या उत्तरेकडच्या डोलोमाइट्स डोंगररांगेत मे महिना हा स्कीइंग संपलेलं आणि उन्हाळा सुरू न झालेला असा मधला काळ. बरीच हॉटेलं बंद असतात, त्यामुळे वरच्या गावांत अडून न बसता बोल्झानोसारख्या खालच्या शहरात राहावं. गर्दी टूरपेक्षा विरळ, जेवणात शाकाहारी माणसाचे हाल नाहीत. आणि शर्यत शेवटपर्यंत उलटू शकते. इटलीच्या पश्चिमेकडच्या कोले देल्ले फिनेस्त्रे या घाटाचा वरचा भाग अजून कच्च्या रस्त्याचा आहे. 2018 मध्ये ख्रिस फ्रूम तिथून 80 किलोमीटर एकटा सुटला आणि त्याने जिरो जिंकली. 2025 मध्ये त्याच घाटात, शेवटून दुसऱ्या दिवशी, सायमन येट्सने इसाक देल तोरोकडून गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण आघाडीवर असलेल्याचा मान, हिसकावली.

जिरोचा खरा धोका हवामानाचा. 1988 मध्ये गाव्हिया खिंडीत सायकलस्वार भर हिमवर्षावात चढले. 2013 मध्ये बर्फामुळे एक अख्खा टप्पा रद्द झाला, आणि 2024 मध्ये 2,758 मीटर उंचीची स्टेल्व्हिओ खिंड मार्गातून वगळावी लागली. विमानाचं तिकीट काढून गेलेल्याला हे फार लागतं. टूरही यातून सुटलेली नाही. 2019 मध्ये गारपीट आणि दरड कोसळल्याने टप्पा मध्येच थांबवला होता. तरी जुलैत हा धोका बराच कमी.

स्पेनची व्हुएल्टा ही अशीच तीन आठवड्यांची शर्यत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. तिथल्या आंग्लिरू घाटाचा 23 टक्क्यांच्या वर जाणारा चढ पाहण्यासारखाच. पण पहिल्याच फेरीला मी ती सुचवणार नाही.

मुलं सोबत असतील आणि रजा मिळत असेल, तर टूर. ज्याला घड्याळ, गिअर आणि डावपेच समजतात, त्याने जिरोचा शेवटचा आठवडा गाठावा. मात्र मधली उंच खिंड न निवडता, टप्पा जिथे संपतो तो घाट निवडावा. बर्फ पडला की बहुधा आधी खिंडीवर गदा येते. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये, जिथे गर्दी अडवणारे कठडे सुरू झालेले नाहीत आणि चढ सर्वांत तीव्र आहे, तिथे उभं राहावं. तिथे मातब्बरांचाही वेग इतका उतरतो की चेहरे नीट दिसतात. रेनकोट आणि गरम कपडे ऊन असलं तरी सोबत हवेतच. पहिला गेला म्हणून निघू नये. वेळेच्या मर्यादेत पोचण्यासाठी एकमेकांना सांभाळत येणारा स्प्रिंटरांचा (सपाटीवर वेगवान, पण चढाला मागे पडणाऱ्यांचा) घोळका अर्ध्या तासाने किंवा त्याहूनही उशिरा येतो, आणि तोवर खाली जायचा रस्ताही मोकळा झालेला नसतो.