प्रवाळांच्या टाकीसाठी पाणी: गोव्याच्या समुद्रातले की पिशवीतल्या मिठाचे?

पुण्या-नागपूरच्या हौशी माणसाला प्रवाळांची टाकी उभारताना पाण्याबाबत निवड करावीच लागत नाही. समुद्राच्या पाण्यातले क्षार असलेले तयार मीठ विकत घ्यायचे, शुद्ध पाण्यात विरघळवायचे आणि टाकी भरायची, एवढेच त्याच्या हाती असते. गोव्यात मात्र समुद्र दाराशी आहे. त्यामुळे नवी टाकी घेणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की, फुकटचे पाणी समोर असताना महागडे मीठ कशाला घ्यावे. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र टाकीत काय ठेवायचे आहे, घर किनाऱ्यापासून किती लांब आहे आणि पंचांगात कोणता महिना चालू आहे, या तिन्हींवर अवलंबून आहे.

आधी मोजमाप स्पष्ट असावे. प्रवाळांच्या टाकीत क्षारता (पाण्याचा खारटपणा) दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटांचे प्रमाण, जे डीकेएच या एककात मोजतात) ७ ते ९ डीकेएच असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. खुल्या समुद्राचे पाणी या चौकटीत जवळपास बसते. तिथे कॅल्शियम ४१० च्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी साडेसहा-सातच्या घरात असते. पिशवीतील मीठ बहुधा हेच आकडे थोडे चढे देते. काही उत्पादनांत अल्कलिनिटी ११-१२ पर्यंत जाते, कारण वेगाने वाढणारे दगडी प्रवाळ ती झपाट्याने वापरतात. म्हणजे कागदावर दोन्ही पाणी चालण्याजोगे आहे. पण माझ्या मते प्रवाळाला उत्तम पाण्यापेक्षा दर आठवड्याला सारखेच पाणी अधिक मानवते, आणि गोव्याच्या किनाऱ्याची अडचण नेमकी इथे आहे.

समुद्राचे वर्षभराचे वेळापत्रक

जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल व साळ या नद्यांतून समुद्रात येतो. नदीमुखाजवळचे वरच्या थरातले पाणी या दिवसांत इतके गोडे होते की त्याला समुद्राचे पाणी म्हणणेही धाडसाचे ठरावे. त्यात लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि शेतातून धुऊन आलेले खत असते. या चार महिन्यांत किनाऱ्यावरून पाणी आणण्याचा विचारच करू नये. खवळलेल्या दर्यात कॅन घेऊन उतरणे जिवावर बेतू शकते, हे वेगळे सांगायला नको.

पाऊस थांबला की पाणी निवळलेले दिसते आणि इथेच अनेक जण फसतात. पावसाळ्याच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत आपल्या किनाऱ्यालगत तळाचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले आणि प्राणवायू अत्यल्प असलेले पाणी उथळ भागापर्यंत चढलेले असते. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कांदोळीसमोरच्या समुद्रात दीर्घकाळ घेतलेल्या नोंदींत ही स्थिती वारंवार दिसली आहे, आणि काही वेळा तळाशी हायड्रोजन सल्फाइडही सापडला आहे. कॅनमध्ये भरून हवा सोडल्यावर प्राणवायूची उणीव भरून निघते, पण नायट्रेट आणि फॉस्फेट तसेच राहतात, आणि टाकीतल्या दगडांवर केसाळ हिरवे शेवाळ धरायला तेवढे निमित्त पुरते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत टाकी सुरू करण्याचा बेत असेल, तर ती समुद्राच्या पाण्याने भरू नये.

डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी स्वच्छ असते, पण क्षारता पूर्ण चढलेली नसते. हिवाळ्यात किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा प्रवाह बंगालच्या उपसागराचे कमी खारट पाणी आपल्याकडे आणतो. अशा वेळी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, ३५ ऐवजी कमी आकडा आला तर उपकरण बिघडले असे समजू नये. क्षारता ३२ असेल, तर लिटरमागे सुमारे सव्वातीन ग्रॅम प्रवाळांसाठीचे मीठ घालून ती ३५ वर आणता येते. मार्च-एप्रिलमध्ये क्षारता आपोआप योग्य पातळीला पोहोचते. वर्षातले सर्वांत भरवशाचे पाणी याच दिवसांत मिळते, पण याच दिवसांत ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्म जिवांचे तपकिरी-पिवळट तवंगही समुद्रावर दिसू लागतात. लाकडाच्या भुशासारखे काही लाटांवर तरंगताना दिसले, तर त्या दिवशी कॅन रिकामेच परत आणावेत. मे महिन्यापासून वाळूवर डांबराच्या गोळ्या येऊ लागतात. पायाला चिकटणाऱ्या त्या काळ्या गोळ्यांशी गोव्यातल्या प्रत्येक माणसाची ओळख आहे. त्या दिसत असतील तर पाण्यावर तेलाचा अंश आहे असे धरूनच चालावे.

थोडक्यात, वर्षातले चार-पाच महिने समुद्राचे पाणी विश्वासाने वापरता येते आणि उरलेल्या काळासाठी दुसरी सोय करावीच लागते.

पाणी कुठून घ्यावे

मिरामार मांडवीच्या मुखावर आहे आणि दोना पावल दोन नद्यांच्या मधोमध, त्यामुळे पणजीकरांना सर्वांत जवळच्या दोन्ही जागा बाद होतात. वास्को, बायणा आणि मुरगाव बंदराचा परिसर, तसेच मालीम व कुटबण येथील मासेमारीच्या जेटी यांपासून दूर राहावे. जहाजांच्या आणि होड्यांच्या बुडाला शेवाळ व कालवे धरू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगांत तांबे असते. माशाला सोसेल इतक्या कमी मात्रेतले तांबेही प्रवाळ, कोळंबी आणि शंखवर्गीय जिवांना मारक ठरते, आणि दगडांत एकदा मुरलेले तांबे नंतरही हळूहळू पाण्यात उतरत राहते. त्यातल्या त्यात सासष्टीचा उतोर्डा-माजोर्डा ते बाणावली हा पट्टा बरा, कारण जुवारीचे मुख उत्तरेला दूर राहते आणि साळ नदी दक्षिणेला बेतूलजवळ समुद्राला मिळते. मात्र तिथेही ओढे आणि हॉटेलांची गटारे कुठे उतरतात हे पाहून, भरती पूर्ण चढलेली असताना, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडचे पाणी घ्यावे. ओळखीच्या रापणकाराच्या (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराच्या) किंवा होडीवाल्याच्या मदतीने किनाऱ्यापासून आत जाऊन कॅन भरून आणता आले तर सर्वांत उत्तम.

आणलेले पाणी लगेच टाकीत ओतू नये. ते बारीक गाळणीच्या पिशवीतून गाळून, झाकणाच्या काळ्या पिंपात अंधारात दोन आठवडे ठेवावे, म्हणजे त्यातले प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मरून तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी काढून घेऊन त्यात पंप आणि सक्रिय कार्बनची (कोळशाची) गाळणी चालवावी, क्षारता, अमोनिया व फॉस्फेट तपासावे आणि मगच ते वापरावे. कोळंबीच्या हॅचरीत सोडियम हायपोक्लोराइटने पाणी निर्जंतुक करून सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन घालवतात. घरीही ते शक्य आहे, पण क्लोरीन तपासण्याचे किट हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

पाणी आणताना आणखी एक मोह आवरावा लागतो. ओहोटीला उघडे पडलेले खडक, त्यांवरचे प्रवाळ किंवा ग्रँड आयलंडजवळ बुडी मारताना दिसलेला एखादा सुंदर तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दुकानातून घेतानाही प्राण्याची कागदपत्रे मागावीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटिस या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यावर नोंदणीची जबाबदारी आली आहे, आणि दगडी प्रवाळ त्या परिशिष्टांत मोडतात.

पिशवीतील मीठ

या पर्यायाचा मोठा गुण म्हणजे जुलैत आणि मार्चमध्ये मिळणारे पाणी एकच असते. त्यासाठी मात्र आरओ (पाणी पडद्यातून गाळणारे) आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) असलेले यंत्र हवे. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी चालेल का, असे हमखास विचारले जाते. त्या यंत्रात चवीसाठी खनिजे परत मिसळली जातात किंवा थोडे न गाळलेले पाणी सोडले जाते, त्यामुळे टीडीएस (विरघळलेल्या घटकांचे प्रमाण) मीटरवर ४०-५० दिसतो. प्रवाळांसाठी तो शून्य हवा. आकडा शून्यावरून वर सरकू लागला की रेझिन संपत आले आहे असे समजावे. दुर्लक्ष केल्यास सिलिकेट टाकीत उतरते आणि आठवड्याभरात काचेवर तपकिरी थर बसतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की यंत्राची पहिली गाळणी नेहमीपेक्षा लवकर भरते, म्हणून जादा नग घरात ठेवावा. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकते, तेव्हा विहिरीचे पाणी वापरणाऱ्याने ते आधी तपासून घ्यावे.

मीठ पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये. उलट केल्यास तळाशी काही काळ अतितीव्र द्रावण तयार होते, कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसते आणि ते पुन्हा विरघळत नाही. गोव्यातल्या दमट हवेचा फटकाही याच पर्यायाला बसतो. मिठातली मॅग्नेशियम व कॅल्शियम क्लोराइडे हवेतले पाणी शोषतात आणि पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिशवीचा दगड होतो. त्यातले खडे फोडून वापरले तरी वजनाचा हिशेब चुकतो आणि पाणी दुधाळ होते. पिशवी आणल्याबरोबर मीठ घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये काढावे, आणि वापरण्यापूर्वी ड्रम हलवून घ्यावा, कारण वाहतुकीत जड-हलके कण वेगळे झालेले असतात.

इथे आणखी एका प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे, कारण तो गोव्यातच विचारला जाऊ शकतो: आपल्या मिठागरातले गावठी मीठ का वापरू नये? मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच्या कोंड्यांत (वाफ्यांत) खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम बरेचसे शेवटच्या कडू पाण्यात राहून जातात. हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. कैरीच्या लोणच्यासाठी ते मीठ नामी आहे, पण ते पाण्यात पुन्हा विरघळवल्याने समुद्र तयार होत नाही.

खर्च आणि श्रम

२०० लिटरच्या टाकीत दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले, तर २० लिटर पाणी आणि लिटरमागे सुमारे ३७ ग्रॅम या हिशेबाने पाऊण किलो मीठ लागते, म्हणजे महिन्याला तीन किलोंहून थोडे अधिक. समुद्राच्या पाण्यात हा खर्च वाचतो, हे खरे. पण त्याबरोबर आरओ यंत्राचाही खर्च वाचेल हा समज चुकीचा आहे. पंखा लावलेल्या उघड्या टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. ती घट समुद्राच्या पाण्याने भरली, तर क्षारता रोज जवळजवळ अर्ध्या एककाने वाढत जाऊन आठवड्यात ३८ च्या पुढे जाते. घट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावी लागते आणि ते पाणी आरओ-डीआयमधूनच येते. उरते ते मिठाचे पैसे विरुद्ध पेट्रोल, पिंपांची जागा आणि वीस-वीस किलोंचे कॅन उचलण्याचे कष्ट. शिवाय गोव्यात या छंदाचा मोठा खर्च एप्रिल-मेमधल्या चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) आणि विजेचा आहे. त्यापुढे मिठाची पिशवी फारशी जड वाटत नाही, आणि चिलर तर दोन्ही पर्यायांत लागतोच.

कोणी काय निवडावे

फोंडा, डिचोली किंवा साखळीसारख्या आतल्या भागात राहणाऱ्याने, आणि दगडी प्रवाळ ठेवणाऱ्या प्रत्येकाने, घर किनाऱ्यावर असले तरी, सरळ मीठ घ्यावे. अल्कलिनिटीतले चढउतार फांद्यांचे प्रवाळ सर्वांत कमी सोसतात, आणि ऋतूगणिक बदलणारे पाणी त्यांच्या टाकीत नकोच. कोलवा-बाणावलीच्या परिसरात राहणाऱ्या, दोन पिंपांना पुरेशी पडवी असलेल्या आणि टाकीत मऊ प्रवाळ, मशरूम प्रवाळ, झोअँथिड (प्रवाळांसारखे मऊ जीव) व विदूषक माशांची जोडी एवढेच ठेवणाऱ्या माणसाने डिसेंबर ते एप्रिल समुद्राचे पाणी घ्यायला हरकत नाही. नव्या माणसाला मी पहिले वर्ष मिठावरच काढायला सांगेन. टाकीत काही बिघडले तर निदान पाण्यावरचा संशय आधीच दूर झालेला असतो आणि दोष शोधणे सोपे जाते. आर्टेमियाची (माशांना खाऊ घालायच्या बारीक खाऱ्या पाण्यातल्या जिवांची) अंडी उबवण्यासाठी किंवा नव्या माशाच्या विलगीकरणाच्या टाकीसाठी तपासलेले समुद्राचे पाणी कोणीही वापरावे. तिथे दर आठवड्याला सारखेच पाणी असण्याची गरज नसते.

ऋतूप्रमाणे दोन्ही पाणी आलटून-पालटून वापरणाऱ्याने मीठ निवडताना पिशवीवरचा अल्कलिनिटीचा आकडा वाचावा आणि सात-आठच्या जवळचे उत्पादन घ्यावे. टाकी ८ डीकेएचवर असताना ११ च्या पाण्याने दहा टक्के बदल केला, तर आकडा ८.३ होतो आणि प्रवाळांना त्याचे काही वाटत नाही. तोच बदल चाळीस टक्क्यांचा केला तर तो एकदम ९.२ वर जातो. म्हणून एप्रिल अखेरीस समुद्राचे पाणी थांबवताना मेच्या पहिल्या चार आठवड्यांत दहा-दहा टक्क्यांनीच मिठाच्या पाण्यावर यावे, आणि त्या महिन्यात अल्कलिनिटीची चाचणी आठवड्यातून दोनदा करावी.