अंगावर आलेली सहाशे पानं आणि टॅगेट

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांनी इथूनच डाउनलोडकडे वळावं. टॅगेट (Taguette) हे फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. मुलाखत वाचायची, वाक्यावर खूण करायची, त्या खुणेला नाव द्यायचं आणि एका नावाखालची सगळी वाक्यं एकत्र बघायची, एवढंच ते करतं. तेवढ्यावर माझी रेंगाळलेली पीएचडी मार्गी लागली. पाचपैकी चार तारे. कापलेल्या ताऱ्याचं पुढे बघू.

मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. विषय ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आजारपण. नोंदणी २०१७ ची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांनी पीएचडी पुरी करायला सहा वर्षं, बाई म्हणून आणखी दोन. ऐकायला भरपूर वाटतात. पण दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात, बायका कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि परत येतात त्या मार्च-एप्रिलला, आमच्या परीक्षांच्या तोंडावर. मधे कोविडने दोन हंगाम खाल्ले. चौतीस मुलाखती होईपर्यंत पाच वर्षं गेली होती आणि हातात सहाशे पानं होती. ती पानं मी प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर मांडली, पाच रंगांचे हायलायटर आणले, चिठ्ठ्या कापल्या. तिसऱ्या दिवशी पंखा लावला कुणीतरी. पुढचं सांगत नाही.

एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए, अ‍ॅटलास डॉट टीआय ही या कामातली मोठी नावं. ताकदीची आहेत, आता तर आपोआप कोड (म्हणजे खुणांची नावं) सुचवण्याचीही सोय त्यात आली आहे. पण पैसे मोजावे लागतात आणि शिकायलाच महिना जातो. टॅगेटचं नाव आमच्या ग्रंथपालांनी सुचवलं. भाच्याने दहा मिनिटांत बसवून दिलं. विंडोजवर चालू केलं की आधी एक काळी खिडकी उघडते, मग ब्राउझर. ती काळी खिडकी बंद करायची नाही. मी केली होती, आणि सगळं गेलं म्हणून रडकुंडीला आले होते. काही गेलं नव्हतं. पुन्हा चालू केलं की होतं तिथेच.

ब्राउझरमध्ये दिसत असलं तरी सगळं आपल्याच लॅपटॉपवर राहतं, इंटरनेट लागत नाही. त्यांच्या वेबसाइटवर खातं उघडून दोघातिघांनी मिळून काम करायचीही सोय आहे, पण मी मुद्दाम लॅपटॉपवरच ठेवलं. ज्या बाईने दार लोटून घेऊन, सासू बाहेर असताना, ऑपरेशनबद्दल सांगितलं, तिचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर ठेवायला माझं मन धजेना. संमतीपत्रातही तसंच लिहून दिलं होतं.

आता कामाची गोष्ट. एकदा आत घेतलेला मजकूर टॅगेटमध्ये दुरुस्त करता येत नाही. म्हणून मुलाखतीचा कागद आत टाकण्याआधी पूर्ण तपासा: नावं बदला, गावं बदला, मुकादमाचं (मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदाराचं) आडनाव बदला. मी आठ मुलाखतींवर खुणा करून झाल्यावर एकीत गावाचं खरं नाव सापडलं. ती फाइल काढून नव्याने टाकली आणि तिच्यातल्या सगळ्या खुणा पुन्हा. दोन रविवार.

दुसरी अडचण फॉन्टची, आणि ती आपल्या लोकांना हमखास येणार. सुरुवातीच्या नऊ मुलाखती मी टायपिस्टकडून करून घेतल्या होत्या, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात. त्या युनिकोड (कुठल्याही संगणकाला वाचता येणारी देवनागरी) नव्हत्या. टॅगेटमध्ये उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. दोष सॉफ्टवेअरचा नाही, माझा. कन्व्हर्टरमधून काढून पुन्हा ओळ-ओळ तपासावं लागलं, कारण जोडाक्षरं हमखास बिघडतात. आजच सुरुवात करणार असाल तर पहिल्या ओळीपासून युनिकोड. पीडीएफपेक्षा वर्डची फाइल बरी.

उतरवून काढण्याबद्दलही सांगते, कारण खरी वर्षं तिथे जातात. एका तासाच्या मुलाखतीला मला सहा तास लागायचे. मग एक युक्ती जमली: कानात रेकॉर्डिंग, आणि आपण तेच वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, आवाजी टायपिंग चालू ठेवून. वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. पण ते टायपिंग फार सुशिक्षित असतं. ‘म्या नव्हते गेले’ म्हटलं की ‘मी नव्हते गेले’ लिहितं, ‘व्हतं’चं ‘होतं’ करतं. एकदा रेकॉर्डिंग ऐकत ते सगळं परत गावाकडे आणावं लागतं.

का आणायचं, हे मला टॅगेटमुळेच कळलं. पहिल्या महिन्यात मी खुणांना इंग्रजी नावं दिली होती: डेट (कर्ज), इलनेस, चाइल्डकेअर. प्रबंध इंग्रजीत लिहायचा, मग कोड मराठीत कशाला? एकशे बारा कोड झाले. मॅडमना (आमच्या गाईड) यादी दाखवली. त्या चष्मा काढून म्हणाल्या, ‘‘बाई, ही यादी करायला बीडला कशाला जायला हवं होतं? पुण्यात बसूनही झाली असती.’’

अपमान गिळून घरी आले आणि नावं बदलायला बसले. टॅगेटमध्ये देवनागरीत नावं देता येतात, दोन खुणा एकत्र करता येतात, आणि नावात टिंब टाकून पोटखुणा करता येतात: ‘आजार.कंबर’, ‘आजार.ऑपरेशन’. बायका वापरतात तेच शब्द घेत गेले. ‘खाडा’ हा त्यातला पहिला. ज्या दिवशी फडात गेलं नाही तो खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. पाळीचे दिवस असोत, ताप असो, खाडा तो खाडाच. माझ्या जुन्या यादीत हे ‘वेज लॉस’ होतं. त्या नावात मुकादमाची वही कुठे दिसते?

यादी एक्केचाळीसवर आली. मग ‘उचल’ (हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे) या खुणेखालची सगळी वाक्यं मी वर्डमध्ये उतरवून घेतली, तसंच आजारपणाचं आणि लहान मुलांचं. तीन कागद शेजारी ठेवून वाचत होते. उचलीच्या कागदावर: ‘‘फिटली न्हाई, तीस हजार अंगावर ऱ्हायले.’’ आजारपणाच्या: ‘‘दवाखान्यात कोण नेणार, अंगावरच काढलं.’’ त्याच्याच खाली: ‘‘अंगावरून पांढरं जायचं.’’ मुलांच्या कागदावर: ‘‘अंगावर पिणारं लेकरू होतं, पाचटावर निजवायचं आन् मोळ्या बांधायच्या.’’

कर्ज अंगावर, दुखणं अंगावर, लेकरू अंगावर. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी उठून ओट्याशी जाऊन पाणी प्यायले. तीन वेगळी प्रकरणं म्हणून मी ज्याची आखणी केली होती ते त्या बायकांच्या बोलण्यात एकाच शब्दात बसलेलं होतं, आणि इंग्रजी नावं देऊन मीच ते तीन खणांत टाकलं होतं. प्रबंधाचं पाचवं प्रकरण ‘अंगावर’. मूळ शब्द तसाच ठेवला, भाषांतर केलं नाही; एक तळटीप दिली.

हे टॅगेटने शोधलं असं मी म्हणणार नाही. त्याला मराठी कळत नाही, काहीच कळत नाही. ते फक्त वाक्यं गोळा करून पुढ्यात ठेवतं. पण त्याच्याकडे आलेख नाहीत, रंगीत ढग नाहीत, शब्दांचे नकाशे नाहीत, त्यामुळे खेळत बसायला जागाच नाही. वाचण्यावाचून गत्यंतर नसतं.

कापलेला तारा टिपणांसाठी. एखाद्या वाक्यावर खूण करताना मनात आलेलं तिथेच लिहून ठेवायची सोय मी वापरलेल्या आवृत्तीत नव्हती. खुणेला वर्णनाची चौकट आहे, तिच्यात मी तारीख टाकून कोंबत गेले. बाकीचं दोनशेपानी वहीत. ऑडिओ, व्हिडिओ, फोटो यांवर खुणा करता येत नाहीत, तेव्हा ज्यांचं काम चित्रफितींवर आहे त्यांनी इकडे येऊच नये. आणि बॅकअप आपला आपण: प्रोजेक्ट एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं, ते दर शनिवारी पेनड्राइव्हवर.

एक फायदा मात्र मोजलाच नव्हता. कोडची यादी वर्णनांसकट वर्डमध्ये निघते. ती मी परिशिष्टात लावली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तेच पान उघडून विचारलं, ‘‘हे कोड तुम्ही केलेत की सॉफ्टवेअरने?’’ मी लॅपटॉप सोबत नेला होता. ‘खाडा’वर क्लिक केलं, बत्तीस वाक्यं खाली उलगडली. सर वाचायला लागले. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं तरी ते वाचतच होते, आणि मग मला विचारलं, ‘‘तापाचाही खाडा धरतात?’’